फेकायची पिशवी

ओटीच्या, म्हंजे ऑपरेशन थिएटरच्या मागे सामान धुवायची एक अरुंद खोली असते. स्टीलचं मोठं सिंक, ब्रश, डिटर्जंटचा उग्र वास आणि कायम एक दमट गरमपणा. मी तिथे माझी लॅपटॉपची बॅग शोधत शिरलो होतो आणि सापडली वेगळीच पिशवी. नळाच्या मानेला दोरा बांधून, त्याला कागदाचा काळा चिमटा लावून आमची पिशवी वाळत घातली होती. आमची म्हंजे आम्ही चौघांनी अडीच वर्षं जिच्या पायी घालवली ती. उलटी केलेली, आतली बाजू बाहेर, नाडी नीट गुंडाळून वर खोचलेली, आणि तळाच्या टोकाशी एक थेंब जमत होता पण पडत नव्हता. तासाभरापूर्वी हीच पिशवी मी आत मॉनिटरवर बघितली होती, एका बाईच्या ओटीपोटात, अंडाशयातून सोडवलेली डर्मॉइड सिस्ट, म्हंजे एका जातीची गाठ, गिळून हळूहळू वर येताना, आणि पोर्टच्या, म्हंजे अवजारं आत घालायच्या नळीच्या भोकातून तिचं तोंड बाहेर आलं तेव्हा मी मास्कच्या आत एकटाच हसलो होतो.

मी जरा आवाज चढवूनच विचारलं, हे कोणी केलं? सिस्टर तिथेच होत्या, पाठमोऱ्या, ग्रास्परचे, म्हंजे लांब दांड्याच्या पकडीचे जबडे ब्रशने घासत. मान न वळवता म्हणाल्या, मी. मी म्हटलं सिस्टर अहो ही फेकायची असते, पाकिटावर छापलंय ना, गोलात दोनचा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ, म्हंजे दुसऱ्यांदा वापरायची नाही. त्या म्हणाल्या, वाचलंय मी ते. मग हात पुसत वळल्या, पिशवी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर ताणून बघितली, बाजारात कापड घेताना बघतात तशी, कुठे विरलंय का फाटलंय का, आणि म्हणाल्या, "फेकायचीच होती तर एवढी चांगली कशाला केलीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी त्यांना नियम सांगितले.

पिशवी हा शब्द आमच्या घरात एकेकाळी दबक्या आवाजात यायचा. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, आईची पिशवी काढली. मोठी माणसं एवढंच बोलायची आणि मी खोलीत आलो की गप्प व्हायची. आमच्या दारामागे खुंटीला एक पिशव्यांची पिशवी लटकलेली असायची, मला खरंच बरेच दिवस वाटत होतं की त्यातलीच एखादी कुणीतरी काढून नेली आणि त्यावरून एवढं कुजबुजायचं काय आहे. आई घरी आली ती वाकून चालत. बेंबीच्या खालून उभी चीर, ती मी खूप नंतर एकदा चुकून बघितली, पण तेव्हा आठवतं ते एवढंच की खोकला यायला लागला की ती आधी उशी शोधायची. उशी पोटाशी दोन्ही हातांनी गच्च धरायची आणि मग खोकायची. शिंक आली तर तेवढाही वेळ नसायचा. गर्भाशय हा शब्द मला पुस्तकातून कळला आणि त्याचा दारामागच्या पिशवीशी काही संबंध असेल हे कळायला आणखी काही वर्षं गेली. परवा तिने विचारलं तू नेमकं बनवतोस काय रे, मी म्हटलं पिशवी. ती हसायलाच लागली, म्हणाली माझी काढली आणि आता तू बायकांच्या पोटात घालत फिरतोस होय.

लॅप्रोस्कोपी, म्हंजे दुर्बिणीचं ऑपरेशन, पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या लक्षात राहिली ती टक्. बेंबीतून एक सुई आत जाते, व्हेरेस नावाच्या हंगेरियन डॉक्टरची ही सुई, मुळात टीबीच्या पेशंटच्या छातीत हवा भरायला केलेली. तिच्यात स्प्रिंगवर एक बोथट नळी असते, पोटाची भिंत पार झाली की ती पुढे उसळते आणि धारदार टोक झाकून टाकते, म्हंजे पुढचं आतडं टोचायचा धोका कमी. ती उसळी ऑपरेशन करणाऱ्या मॅडमना बोटाला कळते आणि शांतता असेल तर बाजूच्याला ऐकूही येते. मग कार्बन डायऑक्साइड सोडतात, कारण तो पेटत नाही आणि रक्तात विरघळून श्वासातून निघून जातो, आणि पोट बघता बघता घुमटासारखं वर येतं. प्रेशर पाऱ्याचं बारा ते पंधरा मिलिमीटर, तेवढंच. टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. दिवे मंद करतात, कॅमेऱ्याची लेन्स गरम पाण्यात बुडवून पुसतात नाहीतर आत गेल्या गेल्या धुकं धरतं, टेबल डोक्याकडे झुकवतात म्हंजे आतडी वर घसरतात आणि ओटीपोट मोकळं होतं. आणि आतला उजेड पोटाच्या कातडीतून बाहेर दिसतो, लालसर, तळहाताआड टॉर्च धरल्यावर दिसतो ना तसा. पुढचा पोर्ट कुठे घालायचा ते त्या उजेडात शिरा बघून ठरवतात. मी इंजिनियर माणूस, रक्त बघून चक्कर येईल अशी भीती होती, प्रत्यक्षात मला स्क्रीनवरून नजर काढवेना.

सगळं बारीक आणि स्वच्छ. पाच मिलिमीटरची अवजारं, दहा मिलिमीटरचा कॅमेऱ्याचा पोर्ट. आणि मग तासभर एवढं नाजूक काम झाल्यावर एक अगदीच घरगुती प्रश्न उभा राहिला, लिंबाएवढी नाही तर मोठ्या मोसंब्याएवढी ती सिस्ट आता सुटून तिथे पडलीय, ती बोटभर भोकातून बाहेर काढायची कशी.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, सिस्टर, ग्लोव्ह. आणि याच सिस्टरांनी एक स्टराइल ग्लोव्ह उघडला, बोटांच्या मुळाशी दोऱ्याचे दोन घट्ट वेढे मारले, गाठ, बोटं कात्रीने उडवली, मनगटाकडची बाजू झाली तोंड. अर्धं मिनिट लागलं असेल. ती गुंडाळी ग्रास्परच्या जबड्यात धरून पोर्टमधून आत गेली. आणि आत गेल्यावर मात्र त्या ग्लोव्हचं तोंड मिटलं. एका हाताने एक कड धरा, दुसऱ्या हाताने दुसरी कड धरा, मग सिस्ट उचलायला तिसरा हात आणायचा कुठून. शिवाय पोटाच्या भोकातून काठी घातली की ती तरफेसारखी चालते, हात डावीकडे नेला तर टोक उजवीकडे जातं, त्यामुळे ओल्या रबराची कड पकडायला म्हंजे आरशात बघून सुईत दोरा ओवण्यासारखं होतं. मी घड्याळाकडे बघत होतो. त्या ग्लोव्हला अकरा मिनिटं लागली, म्हंजे सिस्ट सोडवायला जेवढी लागली असतील त्याच्या निम्मी. बाहेर येताना ग्लोव्ह कडेला फाटला. आत काही सांडलं नाही, म्हंजे तेव्हा तरी नाही सांडलं असं सगळ्यांनी मानलं.

तयार पिशव्या मिळत नाहीत का असं मी बाहेर आल्यावर विचारलं. मिळतात ना, छान मिळतात. लांब नळी, आत दांडा, दांडा ढकलला की टोकाशी एक लवचीक रिंग उमलते आणि पिशवीचं तोंड आपोआप उघडं राहतं. मॅडमनी खांदे उडवले. ज्या पेशंटला परवडते तिला ती, बाकीच्यांना ग्लोव्ह.

आता ग्लोव्हला नावं ठेवायची नाहीत, ग्लोव्हने अनेकींचं भलं केलंय. पण एकेकाळी त्यात पावडर असायची, आणि पोटात पावडर सांडली की आतली आवरणं एकमेकांना चिकटायची, गाठी व्हायच्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हंजे औषधं आणि वैद्यकीय सामानावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, पावडरवाल्या ग्लोव्हवर २०१७च्या जानेवारीपासून बंदीच घातली. लेटेक्सची अ‍ॅलर्जी हा वेगळा भाग. आणि सांडण्याचं म्हणाल तर डर्मॉइडच्या आत तेलकट पदार्थ असतो, केस असतात, कधी चक्क दात असतो. हे पोटात पसरलं की क्वचित आतलं आवरण पेटून उठतं. सिस्ट कॅन्सरची निघाली आणि काढताना फुटली तर नुसत्या तेवढ्यावरून आजाराची स्टेज बदलते. फायब्रॉइडचं, म्हंजे गर्भाशयातल्या साध्या गाठींचं, तर मोठं प्रकरण झालं. मोठ्या गाठी बारीक भोकातून काढायला त्यांचा आतच कीस पाडणारं मशीन, मॉर्सेलेटर, १९९५ पासून अमेरिकेत वापरात होतं. २०१४च्या एप्रिलमध्ये एफडीएने इशारा दिला की फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण साडेतीनशे बायकांमागे एकीची गाठ छुपा सार्कोमा, म्हंजे कॅन्सर, असू शकते आणि त्याचाच कीस पोटभर उडतो. हा आकडा जास्त धरलाय असं म्हणणारे डॉक्टरही खूप होते, अजून वाद आहे. पण पुढे २०२०मध्ये सल्ला आला तो साधा होता, जे काय कापायचं ते पिशवीत कापा. एवढं मोठं मशीन, एवढ्या बैठका, आणि शेवटी सगळं एका पिशवीपाशी येऊन थांबलं याचं मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटलं. आमची फाइल जाडी झाली. ज्यांच्या पोटात तो कीस उडाला होता त्या बायका त्या फाइलमध्ये कुठे होत्या हे मला नंतर कधीतरी रात्री सुचलं.

आमची पहिली पिशवी पॉलिथिनची होती. कडकड वाजायची, घडीवर तडकायची. दुसरी पॉलियुरेथेनच्या फिल्मची, मऊ, ताणली तर ताणते. शिवण म्हंजे उष्णतेने केलेलं सील, आणि आम्ही खुळ्यासारखे सील मजबूत करत बसलो. सील कधीच उसवलं नाही. पिशवी फाटायची ती सीलच्या शेजारी, केसभर अलीकडे, जिथे उष्णतेने फिल्म पातळ झालेली असते तिथे. मग तळ चौकोनी ठेवायचा की निमुळता यावर महिना गेला. चौकोनी तळ कापायला सोपा, माल वाया जात नाही, पण बाहेर ओढताना कोपरे अडकतात, सगळा ताण कोपऱ्यात येतो, आणि तुकडेही कोपऱ्यातच लपतात. निमुळती केली. पाणी भरलेले फुगे म्हंजे आमच्या सिस्ट, आणि खोक्याला भोकं पाडून केलेलं पोट. त्या खोक्याची कल्पना आमची नव्हे, कील शहरातल्या कुर्ट झेम नावाच्या जर्मन गायनॅकॉलॉजिस्टने असा सरावाचा खोका, पेल्व्ही-ट्रेनर, केला होता. गॅसचं प्रेशर आपोआप सांभाळणारं यंत्रही त्याचंच, आणि १९८०मध्ये दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढलं तेही त्यानेच, त्यावरून सर्जन लोक त्याच्यावर भयंकर चिडले होते, बायकांच्या डॉक्टरने आमच्या वाटेला का यावं म्हणून. मला तो माणूस आवडतो तो त्यामुळे नाही. त्याला स्वतःला हत्यारं घडवायचा नाद होता, आणि ज्याला हत्यार घडवायचा नाद असतो तो दुसऱ्याच्या हातातल्या हत्याराकडे वेगळं बघतो.

खरी डोकेदुखी तोंडाची. रिंग हवी तर निटिनॉलची हवी, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्र धातू, कसाही मुडपा, सोडला की मूळ आकारात येतो. उत्तम चीज. आणि आमचं सगळं बजेट त्या एका तारेत बसायचं. स्प्रिंग स्टीलची तार घेतली तर दहा मिलिमीटरच्या नळीत कोंबताना तिला कायमचा बाक यायचा आणि पोटात गोल उघडायच्या ऐवजी भोपळ्याच्या बीसारखी उघडायची. आम्ही ते बी तीन महिने सुधारत होतो. मग एके दिवशी मॅडम खोक्यावर हात चालवता चालवता म्हणाल्या, मला पूर्ण गोल कशाला पाहिजे, एक कड ताठ असली तरी दुसरी मी उचलीन. बस. रिंग गेली, तिच्या जागी तोंडाच्या एका बाजूला फिल्मचीच जाड पट्टी आली, दुमडून सील केलेली. धातू गेला, नळी गेली, दांडा गेला. राहिली निमुळती पिशवी, ताठ ओठ, आणि बटव्यासारखी नाडी, जिचं शेपूट पोर्टमधून बाहेर राहतं. गुंडाळी करून साध्या ग्रास्परने आत घालायची. ओठ गुंडाळीच्या वरच्या बाजूला ठेवला तर आत गेल्यावर ती आपणहून अर्धी उलगडते, हे तर आम्हाला अपघातानेच कळलं. आणि फिल्म चकचकीत असून चालत नाही, कॅमेऱ्याचा दिवा तिच्यावर पडला की अख्खा स्क्रीन पांढरा फटक होतो, हे कळायला तर आम्हाला खरी ओटी लागली, खोक्यात मंद बल्ब होता. मग मॅट फिल्म, किंचित निळसर, कारण पोटात निळं दुसरं काहीच नसतं.

आणि मग लक्षात आलं की पिशवी स्वस्त झाली पण तिचं लटांबर नाही झालं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. पेशींना त्रास होतो का, त्वचेवर काही उठतं का, हे आयएसओ १०९९३ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासून घ्या. इटीओ, म्हंजे इथिलीन ऑक्साइड, गॅसने स्टराइल करा, मग तो विषारी गॅस प्लास्टिकमधून उडून जाईपर्यंत थांबा, उरलेला किती ते मोजा. पाकीट एका बाजूने खास कागदाचं हवं नाहीतर गॅस आत जाणार कसा. पिशवी किती वर्षं टिकेल हे सांगायचं तर तेवढी वर्षं थांबायची सोय नाही म्हणून तिला पंचावन्न डिग्रीच्या ओव्हनमध्ये म्हातारी करायची, दर दहा डिग्रीला वय दुप्पट वेगाने वाढतं या हिशोबाने पंचेचाळीस-शेहेचाळीस दिवसांत एक वर्ष. मी रोज सकाळी त्या ओव्हनच्या काचेतून बघायचो. त्याच दिवसांत आईचे गुडघे फार दुखायला लागले होते, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण ओव्हन उघडताना तेच डोक्यात असायचं.

ज्या दिवशी पहिल्यांदा आमची पिशवी खऱ्या पोटात गेली त्या दिवशी ती पेशंट संध्याकाळी म्हणाली की पोटापेक्षा खांदाच दुखतोय. गॅसमुळे छाती आणि पोटामधल्या पडद्याची नस चाळवते आणि दुखणं खांद्यात उमटतं, नेहमीचंच आहे. पण तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि ती घाबरली होती, पोटाचं करताना खांद्याला काय केलंत म्हणून. आमच्या पिशवीबद्दल अर्थातच तिला काही माहीत नव्हतं. ती उशाशी रेलून बसली होती आणि मधेच खोकली. नुसती खोकली. उशीबिशी काही शोधली नाही.

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो थोडा वेळ.

तर अशी ही पिशवी, आणि ती चिमट्याला लटकत होती. घरी येताना गाडीत मला सिस्टरांचा राग येत होता, मग हळूहळू दुसराच राग यायला लागला. आई प्लास्टिकच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालायची, वाळल्या की चौकोनी घडी घालून त्या दारामागच्या पिशवीत. त्या धुतलेल्या पिशव्यांतून माझं पुस्तक पावसात शाळेत गेलंय. हातात धड असलेली वस्तू फेकायची नाही हे ज्यांच्या हाडात आहे त्यांच्या हातात मी एक धड वस्तू दिली होती आणि वर आकड्यावर रेघ मारून सांगत होतो की हिला धड समजू नका. बरं, ज्या मोठ्या देशांतून हा रेघेचा नियम येतो तिथे एकदाच वापरायची महागडी अवजारं गोळा करून, धुवून, तपासून परत विकणाऱ्या रीतसर कंपन्या आहेत, एफडीएने त्यांच्यासाठी २००० सालीच नियम केलेत. म्हंजे धुणं हा गुन्हा नाही, कागद नसताना धुणं हा गुन्हा.

टीममध्ये सांगितलं तर धाकटा लगेच म्हणाला, लॉक करू. लसीकरणाच्या सिरिंज नाहीत का, एकदा दट्ट्या दाबला की परत मागे येतच नाही, तशी नाडी करायची, केबल टायसारखी, एकदा आवळली की सुटणार नाही, मग धू म्हणावं कितीही. डोकं छान चालतं त्याचं. तीन दिवसांत नमुना केला. मॅडमनी खोक्यावर दोनदा वापरला आणि परत केला. म्हणाल्या, सिस्ट आत घेतली, नाडी ओढली, आणि मग दिसलं की एक तुकडा बाहेर राहिलाय, तर मी पिशवी परत उघडायची नाही का? तुम्ही सिस्टरांना अडवायला निघालात आणि अडवताय मला. लॉक गेलं ड्रॉवरमध्ये. मला सुटल्यासारखं झालं, कारण आपण बनवलेल्या वस्तूत कुणाच्या हाताबद्दलचा अविश्वास शिवायचा ही गोष्ट मला पटत नव्हती, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नव्हतं.

ती धुतलेली पिशवी मी मागून आणली होती. सिस्टरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, जरा नाराजीनेच. टेबलावर ठेवून तिच्यात मेथिलिन ब्लूचं निळं पाणी भरलं, नाडी आवळली, खाली टिपकागद अंथरला आणि उलटी टांगली. अर्धा तास, एक तास. कागद पांढरा. वजन लावलं. पांढराच. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. गळाली असती तर तो निळा डाग घेऊन मी सिस्टरांपुढे उभा राहिलो असतो आणि विषय संपला असता. गळाली नाही. आम्ही खरंच चांगली केली होती.

मग निळं पाणी ओतून टाकलं आणि सहज म्हणून तळाची शिवण भिंगाखाली घेतली. डर्मॉइडमधला तो तेलकट पदार्थ अंगाच्या गरमीत पातळ असतो, बाहेर आला की तुपासारखा थिजतो. सिस्टरांनी ब्रशने घासून, साबणाने, नळाच्या गार पाण्याने धुतली होती, नियम सोडले तर एवढी निगुतीने मीही धुतली नसती. पण शिवणीच्या आतल्या घडीत, जिथे दोन पदर एकमेकांना भेटतात तिथे, पिवळट पांढरी एक रेघ थिजून बसली होती. सुईने उकरली. रेघेबरोबर एक केस वर आला. अर्धा इंचही नसेल, तपकिरी, टोकाला किंचित वळलेला. त्या बाईच्या डोक्यावरचा नाही, तिच्या अंडाशयात गोळ्याच्या आत आंधळेपणाने वाढलेला, आणि आमच्या शिवणीत अडकून राहिलेला. इटीओ गॅसने त्यातले जंतू एक वेळ मेले असते, म्हंजे त्या थिजलेल्या चरबीच्या आत गॅस पोचला असता तर. पण तो केस पुढच्या बाईच्या पोटात गेला असता. मी केस कागदावर ठेवला आणि मोबाइलने फोटो काढला, नंतर डिलीट केला, नंतर परत काढला.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा तो फोटो दाखवायचाच असं ठरवून गेलो होतो. सिस्टर जेवायच्या सुट्टीत खुर्चीवर पाय ताणून बसल्या होत्या, पायांना सूज. मी मोबाइल दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला. "शिवणीत होता?" मी म्हटलं हो. "उलटी करून घासली होती मी." मी म्हटलं माहितीय. मग त्या काही बोलेनात आणि मला वाटलं झालं, मी जिंकलो, आणि जिंकल्याचं मुळीच बरं वाटेना. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मागच्या खेपेला किती दिल्या होत्यात?" मी आकडा सांगितला. "त्या संपल्यावर पुढच्या कधी येणार ते सांगितलं होतं?" नव्हतं सांगितलं. "मला रोजची लिस्ट लावायची असते. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी मॅडम म्हणणार सिस्टर ग्लोव्ह. मी बांधीन, मला येतं. पण एकदा ही वापरल्यावर तो ग्लोव्ह हातात घ्यावासा नाही वाटत. म्हणून एक असावी शिल्लक."

अडीच वर्षांत आम्ही फिल्म बदलली, तार घालवली, नळी घालवली, पाकिटाचा कागद तीनदा बदलला, पिशवीची किंमत खाली खाली खाली आणली. संपल्यावर काय हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

धाकट्याने मग पाकिटांची खोकी लहान केली आणि प्रत्येक खोक्यात शेवटून पाचव्या पाकिटाला लाल पट्टी लावली, ती दिसली की फोन करायचा. फार काही अक्कल लागत नाही त्याला. फोन येतो. कधी कधी आम्हीच उशीर करतो, इटीओच्या बॅचला नंबर लागत नाही तेव्हा. शिवणही बदलली, आता आत घडी राहत नाही, सील बाहेरच्या बाजूला घेतलं. त्यामुळे पिशवी धुवायला सोपी झाली हे टीममध्ये कुणीतरी बोललं आणि सगळे एकदम गप्प झाले.

गेल्या महिन्यात नवीन खोकी घेऊन गेलो. सिस्टरांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, मोजून घेतली, वहीत लिहिली, जुनी पुढे नवी मागे अशी रचली. रचताना खालच्या कप्प्यात कोपऱ्यात मला एक पिशवी दिसली, आमच्या पाकिटात नसलेली, जुन्या निमुळत्या शिवणीची, चौकोनी घडी घातलेली, नाडी वर खोचलेली. मी बघितलं ते त्यांनीही बघितलं. त्यांनी ती उचलून माझ्यासमोर धरली. तोंडाच्या ताठ पट्टीवर मार्करने लिहिलं होतं, 'शिकायला'. नवीन मुली येतात ना, खोक्यावर हात बसवायला, म्हणाल्या, तिथे तर चालेल?

तिथे चालेल, मी म्हटलं. अक्षर त्यांचंच होतं. शाई जुनी आहे की आत्ताची, ते बघायला मी पिशवी हातात घेतली नाही.